सॉफ्ट बुटांसाठी कार्व्हिंग बोर्ड : गॅरेजमधल्या कामाच्या नोंदी

9 सप्टेंबर 2023, शनिवार

डेन्व्हरजवळच्या आमच्या गॅरेजमधून गाडी आजपासून बाहेर. पुढचे सहा महिने ही जागा मी घडवणार असलेल्या स्नोबोर्डाची.

कारण साधं आहे. मला एजवर, म्हणजे बोर्डाच्या स्टीलच्या कडेवर, पूर्ण कलून, बर्फावर फक्त एक रेघ सोडत जायचं असतं (हेच कार्व्हिंग) आणि मी सॉफ्ट बूट घालतो. ऑलिंपिकमधले पॅरलल जायंट स्लॅलमचे खेळाडू त्यासाठी कडक कवचाचे हार्ड बूट घालतात, पाय जवळजवळ बोर्डाच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेने वळवतात आणि 20 सेंटीमीटरच्या आसपास कंबर (मधली सगळ्यात अरुंद रुंदी) असलेला अरुंद बोर्ड वापरतात. मला तसे बूट नको आहेत. घोटा मोकळा हवा, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत माणसासारखं चालता यायला हवं. माझा सध्याचा बोर्ड 254 मिमी कंबरेचा आहे. त्यावर जरा जास्त कललो की बुटाचं टोक बर्फाला लागतं, एज उचलली जाते आणि मी पोटावर घसरत जातो. गेल्या मोसमात दोनदा बरगड्या ठेचून घेतल्या.

आज फक्त मापं घेतली. पहिली चूकही आजच झाली. बुटाचा नंबर 27.5 आहे म्हणून आराखड्यात 275 मिमी धरलं. ते माप पायाचं, बुटाचं नव्हे. तळव्याला बाहेरून गुण्या लावून मोजलं तेव्हा 305 निघालं. तीन सेंटीमीटरचा फरक! पुठ्ठ्याचा पहिला साचा कचऱ्यात गेला.

17 सप्टेंबर, रविवार

रुंदीचा हिशेब. हे करणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःच्या बुटावर करावा, म्हणून सविस्तर लिहितो.

बूट बोर्डावर आडवा नसतो, कोनात असतो. त्याची टोकं गोल आहेत, साधारण 45 मिमी त्रिज्येची. म्हणून बोर्डाच्या रुंदीवर बूट किती जागा घेतो ते असं काढलं : 305 मधून 90 वजा केले, उरलेल्या 215 ला कोनाच्या कोसाइनने गुणलं आणि 90 परत मिळवले. जुन्या बोर्डावर पुढचा पाय 15 अंशांवर होता, म्हणजे बुटाला 298 मिमी लागत होते. बाइंडिंगखाली, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या जोडणीखाली, बोर्डाची रुंदी 263. दोन्ही बाजूंना 17-17 मिमी बूट बाहेर. बुटाचं टोक बोर्डाच्या तळापासून सुमारे 30 मिमी वर असतं. एज बर्फात 10 मिमी रुतली असं धरलं तर 49 अंशांच्या आसपास बूट टेकणारच. मी पडत होतो ते त्याच सुमाराला.

नव्या बोर्डासाठी दोन्ही पाय पुढे वळवायचे ठरवले : पुढचा 30, मागचा 18. याहून जास्त वळवत नाही, कारण सॉफ्ट बूट बाजूला झुकताना आधार देत नाही. हायबॅक (बाइंडिंगची पोटरीमागची उभी पाटी) पाठीमागे असतो, बाजूला काहीच नसतं. 45 अंशांवर मी वर्षापूर्वी करून पाहिलं होतं, घोटा आतल्या आत लवत होता.

आता बहुतेक लोक जिथे चुकतात आणि मीही जवळजवळ चुकलो ती जागा. रुंदी पुढच्या पायावरून ठरवायची नाही, मागच्या पायावरून ठरवायची. पुढच्या पायाला 30 अंशांवर 276 मिमी पुरतात. मागच्याला 18 अंशांवर 294 ते 295 लागतात.

ठरलेली मापं : लांबी 162 सेमी, बर्फाला टेकणारी एज 125 सेमी, कंबर 270 मिमी, बाजूच्या वक्राची त्रिज्या 10 मीटर. या लांबीला आणि त्रिज्येला वक्राची खोली 19.5 मिमी येते. नाक शेपटीपेक्षा 6 मिमी रुंद ठेवलं, म्हणजे वळण संपताना शेपूट अडकणार नाही. बाइंडिंगखाली रुंदी 277. मागचा बूट दोन्हीकडे 9 मिमी बाहेर. एज 10 मिमी रुतलेली धरूनही 66 अंशांपर्यंत जागा आहे.

त्रिज्या 10 का, तर बोर्ड 60 अंश कलला की बर्फावरचं वळण निम्म्या त्रिज्येचं होतं, म्हणजे 5 मीटर. त्याला ताशी 33 किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. एवढा वेग शनिवारच्या गर्दीतही जबाबदारीने ठेवता येतो.

30 सप्टेंबर, शनिवार

बोर्डाच्या लाकडी गाभ्यासाठी पॉप्लर आणि अ‍ॅश आणलं. 20 मिमीच्या पट्ट्या कापून, रेषा उभी ठेवून एकमेकींना चिकटवल्या. कडेला अ‍ॅश, मध्ये पॉप्लर. संध्याकाळी शिकंजे काढले तेव्हा पाटी सरळ होती. समाधानाने झोपलो.

3 ऑक्टोबर, मंगळवार

पाटी वाकली. मध्यावर 5 मिमी पोट आलंय.

बाबा कोल्हापुरात उद्यमनगरला चौतीस वर्षं पॅटर्न मेकर होते, फाउंड्रीसाठी लाकडाचे साचे करायचे. व्हिडिओवर पाटी दाखवली. त्यांनी विचारलं, "लाकूड आणून किती दिवस ठेवलं होतंस?" मी म्हटलं, त्याच दिवशी कापलं. "मग ते आत्ता सुकतंय रे. तुमच्याकडची हवा कोरडी, दुकानातलं लाकूड ओलं. आधी हवेला लागू दे, मग हात लाव."

मॉइश्चर मीटर आणला (35 डॉलर, हा पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता). दुकानातून नव्याने आणलेली फळी 11 टक्के, गॅरेजमध्ये पडलेला जुना तुकडा 6 टक्के. नव्या फळ्या खाली-वर हवा खेळेल अशा रचून ठेवल्या आहेत. दोन आठवडे आणि 60 डॉलर गेले.

21 ऑक्टोबर, शनिवार

फळ्या 7 टक्क्यांवर आल्या. पुन्हा कापल्या, चिकटवल्या. चार दिवस झाले, पाटी सरळ आहे.

गाभ्याला जाडीचा उतार द्यायला राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) दोन रुळांवर सरकवतो. मध्ये 8 मिमी, टोकांना 2.2. पहिल्या फेरीत मध्यभाग 7.4 भरला. राउटरच्या वजनाने रूळ मध्यावर 0.6 मिमी वाकत होते. रुळांखाली मधोमध टेकू दिला आणि तो गाभा सरावासाठी बाजूला ठेवला. तीन पाट्या चिकटवल्या होत्या म्हणून निभावलं. पाटी नेहमी एक जास्त चिकटवावी.

23 ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

प्रेसची, म्हणजे बोर्डाचे थर दाबून चिकटवायच्या यंत्राची, पूजा केली. झेंडू भारतीय दुकानात मिळाला. बाबांच्या शॉपमध्ये या दिवशी करवत-रंध्याला हात लावायचे नाहीत, हळद-कुंकू लावून हत्यारं मांडायचे. मीही आज काम बंद ठेवलं. मुलीने राउटरला फूल वाहिलं.

प्रेसबद्दल थोडक्यात : भंगारातून आणलेले आय-बीम, वेल्डिंग शेजाऱ्यांनी करून दिलं. आत अग्निशमनाचे तीन चपटे होज, त्यात हवा भरायची. 45 पीएसआयला (दर चौरस इंचाला 45 पौंड) बोर्डाच्या क्षेत्रफळावर जवळजवळ 15 टन दाब येतो. म्हणून लाकडी चौकटीचा विचार कुणीही करू नये. खर्च 1,150 डॉलर, गरम करायच्या ब्लँकेटसह. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

28 ऑक्टोबर, शनिवार

थर लावायचा दिवस. खालून वर : पी-टेक्सचा (बर्फावर घसरणाऱ्या प्लॅस्टिकचा) तळ, त्याला चिकटवलेल्या स्टील एज, एजवर रबराची पातळ पट्टी, ट्रायअ‍ॅक्सियल ग्लास (तीन दिशांनी धागे असलेलं काचतंतूंचं कापड), गाभा, पुन्हा ट्रायअ‍ॅक्सियल ग्लास, वरचं शीट. गाभ्याच्या बाजूंना एबीएस प्लॅस्टिकच्या पट्ट्या. यूएचएमडब्ल्यू हे दुसरं प्लॅस्टिक जास्त टिकाऊ असतं, पण त्यावर ज्योत फिरवल्याशिवाय इपॉक्सी धरत नाही. तो प्रयोग पहिल्याच बोर्डावर नको होता.

मदतीला बायको होती. तिच्या हातात घड्याळ आणि इपॉक्सीचं काटेकोर वजन, माझ्या हातात रोलर. इपॉक्सी मिसळल्यापासून प्रेस बंद करेपर्यंत 52 मिनिटं लागली.

दाब 35 ला गेला आणि एका होजच्या क्लॅम्पमधून हवा सुटायला लागली. दाब उतरून 20. क्लॅम्प आवळून परत 45 वर नेईपर्यंत नऊ मिनिटं गेली. मग 80 अंश सेल्सिअसवर एक तास, आणि रात्रभर तसंच ठेवलं. रिकाम्या प्रेसची दाबचाचणी आधी केली होती, पण फक्त पाच मिनिटं. अर्धा तास करायला हवी होती.

29 ऑक्टोबर, रविवार

बाहेर काढला. सुंदर दिसतोय. ठोकून पाहिला तर शेपटीजवळ 6 सेमी भागात आवाज पोकळ. दाब उतरला होता तेव्हा तिथे थर उचलला गेला असणार. सुईने इपॉक्सी भरून शिकंजे लावले.

दुसरी चूक माझ्या घाईची. बाइंडिंगचे स्क्रू ज्यात बसतात त्या 24 इन्सर्टांची (आटे असलेल्या धातूच्या नळ्यांची) तोंडं टेपने बंद करायची राहिली. आट्यांमध्ये इपॉक्सी भरून कडक झालंय. एम-6 चा टॅप घेऊन एकेक साफ केलं, अडीच तास लागले. एका इन्सर्टचे आटे तिरके पडले, ते आता वापरता येणार नाही. टेपला दहा मिनिटं पुरली असती.

वजन 3.6 किलो. साच्यात कॅम्बर (मधला वर उचललेला बाक) 8 मिमी ठेवला होता, बोर्डावर 6 आला.

9 डिसेंबर, शनिवार

लव्हलँडचा स्की-उतार. आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे लवकर पोचलं की पहिल्या तासात मशीन फिरवलेला ताजा उतार मिळतो.

बूट एकदाही टेकला नाही. रुंदीचा हिशेब बरोबर आला. हे आधी लिहितो, कारण पुढचं सगळं वाईट आहे.

बोर्ड वाकतच नाही. टो-साइडला (पायाच्या बोटांकडच्या बाजूला) एजवर ठेवला की तो स्वतःच्या मनाने लांबच लांब वळण घेतो. आणखी दाबायला जावं तर दाब बोर्डापर्यंत पोचायच्या आत घोटा दुमडतो. नाक बर्फ चावत नाही, निसटतं. हील-साइडला (टाचेकडच्या बाजूला) शेपटी खडखडत सुटते. दुपारी बारापर्यंत पोटऱ्यांत गोळे आले. एकूण 11 फेऱ्या, त्यातलं एकही वळण स्वच्छ रेघेचं नाही.

येताना गाडीत गप्प होतो. तीन महिन्यांचं काम.

16 डिसेंबर, शनिवार

रागाचा आठवडा गेला, आज मोजायला बसलो.

बोर्ड 1 मीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवला आणि मधोमध 20 किलो वजन टांगलं. माझा जुना बोर्ड 24 मिमी खाली येतो, नवा फक्त 16. म्हणजे तो दीडपट ताठ आहे. हे कुठून आलं ते माझ्याच वहीत आहे. 8 मिमी जाडी आणि हा ग्लास मी हार्ड बुटांच्या एका बोर्डाच्या आराखड्यावरून उचलला होता. कार्व्हिंग म्हणजे ताठ बोर्ड, एवढंच डोक्यात होतं.

आणि चूक तिथेच होती. हार्ड बुटात नडगी बुटाच्या कडक कवचावर रेलते, जोर थेट बोर्डात जातो. सॉफ्ट बुटात तो जोर पोटरी आणि घोट्यातून जावा लागतो. त्यात मी बोर्ड रुंद केला. एज मधल्या रेषेपासून 100 मिमीच्या जागी 135 मिमी लांब गेली. म्हणजे त्याच कामासाठी घोट्यावर 35 टक्के जास्त पीळ, आणि तो पेलणारा बूट मऊ. 60 अंश कललं की अंगावर दुप्पट वजन येतं, माझ्या बाबतीत 78 किलोचे 156. एवढ्याने हार्ड बुटवाला हा बोर्ड वाकवेल. मला तो वाकवायला दिलेलं साधनच वेगळं आहे.

रुंदी वाढवली तर ताठपणा कमी करायला हवा. मी रुंदी सॉफ्ट बुटांची घेतली आणि ताठपणा हार्ड बुटांचा.

30 डिसेंबर, शनिवार

दुसऱ्या बोर्डात काय बदलायचं यावर खूप घोळलो. त्रिज्या 11 करावी, कॅम्बर कमी करावा, मधल्या पट्ट्यात धातूचा पत्रा घालावा, सगळंच मनात आलं. शेवटी ठरवलं की फक्त जाडी बदलायची. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. शिवाय साचा, तळाचा टेम्प्लेट, सगळं तेच वापरता येतं.

जाडी 8 वरून 7. वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाने बदलतो म्हणून आधी 33 टक्के घट धरली होती. पण इथे ताकद लाकडात कमी आणि वरच्या-खालच्या ग्लासमध्ये जास्त असते, तेव्हा वर्गाने मोजायला हवं. 23 टक्के घट. 16 चे 21 मिमी व्हावेत. जुन्या बोर्डाच्या 24 पर्यंत न्यायचं नाही, तो बर्फ कडक असला की थरथरतो.

टोकांकडचा उतारही थोडा आधी सुरू करावासा वाटत होता, म्हणजे नाक लवकर वळेल. हात आवरला.

13 जानेवारी 2024, शनिवार

आज थर लावायचे होते, रद्द. कडाक्याची थंडी. गॅरेजमधलं इपॉक्सी मधासारखं घट्ट झालंय, ग्लासमध्ये मुरतच नाही. एका तुकड्यावर करून पाहिलं, ग्लास जागोजागी पांढरा राहिला. डबे स्वयंपाकघरात आणून ठेवले. गाभा आणि तळही घरात, कारण थंड लाकडावर गरम इपॉक्सी ओतलं तरी ते लगेच थंड होतं.

20 जानेवारी, शनिवार

प्रेस आदल्या रात्री 45 वर ठेवून दिला होता, सकाळी 44. चोविसही इन्सर्टांवर टेप. ब्लँकेट अर्धा तास आधी सुरू करून साचा कोमट केला. थर लावायला 38 मिनिटं.

21 जानेवारी, रविवार

पोकळ आवाज कुठेच नाही. वजन 3.3 किलो. टांगलेल्या वजनाला 21 मिमी! बाबांना लगेच फोन केला. त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोर्ड उलटा-पालटा करायला लावला, कडेची रेषा बघितली आणि म्हणाले, "आता जमलं." त्यांच्या शॉपमध्ये हे दोन शब्द मिळवायला मुलांना वर्ष लागायचं.

एज घासल्या : तळाकडून 1 अंश, बाजूने 88.

10 फेब्रुवारी, शनिवार

लव्हलँड, सकाळी सव्वानऊ, ताजा उतार.

तिसऱ्या फेरीत टो-साइडला खाली वाकलो आणि बोर्ड पायाखाली वळत गेला. ओढावा लागला नाही, ढकलावा लागला नाही. हातमोजा बर्फाला लागला. लिफ्टवरून खाली बघितलं तर एकच रेघ, पेन्सिलीने काढल्यासारखी, मध्ये कुठेही फाटलेली नाही. ती शोधत मी त्याच लिफ्टने पुन्हा वर गेलो.

हील-साइड अजून बिघडलेली. वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात शेपटी सुटते.

24 फेब्रुवारी, शनिवार

हील-साइडसाठी दोन दिवस वाया घालवले. आधी वाटलं शेपटीकडचा भाग फार मऊ झाला. मग वाटलं एज बोथट. शेपटीची एज पुन्हा घासली, काही फरक नाही. तिसरा बोर्ड आखायला घेतला होता, तेवढ्यात बायकोने काढलेला व्हिडिओ हळू करून पाहिला. हील-साइडला मागच्या पायाची पोटरी हायबॅकला टेकायला बराच वेळ घेते. तोवर मी गुडघे सरळ करून टाचेवर बसलेला असतो. टो-साइडला पोटरीचं बळ जे काम करतं ते हील-साइडला हायबॅक करतो, आणि माझा हायबॅक जवळजवळ उभा होता.

मागच्या हायबॅकचा पुढचा झुकाव दोन खाचा वाढवला, पुढच्याचा एक. हायबॅक वळवून एजला समांतर केले, कारण पाय 18 अंश वळला की हायबॅकही तेवढाच तिरपा होतो आणि जोर एजच्या दिशेने जात नाही. मागचा पायही 21 अंशांवर नेला. बाहेर येणारा बूट त्यामुळे 9 वरून 7 मिमीवर आला. सहाव्या फेरीत हील-साइडची रेघ पूर्ण मिळाली. खर्च शून्य, लागलं फक्त स्क्रू-ड्रायव्हर.

बोर्ड घडवण्यात हात गुंतले की बाइंडिंग बघायचं सुचत नाही. असली अडचण आली तर पाना आधी बाइंडिंगला लावा, रंधा नंतर.

30 मार्च, शनिवार

दुपारचा मऊ, पाणावलेला बर्फ. एज 10 ऐवजी 25 मिमी रुतते आणि 270 च्या बोर्डावरही बूट टेकतो. रुंदी आणखी वाढवली तर घोट्याचं गणित पुन्हा बिघडणार, म्हणून बूट वर उचलून पाहिला. 10 मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या कटिंग बोर्डातून बाइंडिंगखाली घालायला चकत्या कापल्या (14 डॉलर). टेकणं थांबलं. एजही पटकन बदलते. पण कडक बर्फावर पाय थरथरतो आणि दुपारी चारला घोटे दुखतात. सध्या चकत्या फक्त उन्हाळी बर्फासाठी.

चकत्यांमुळे स्क्रू लांब लागले. 16 मिमीचे होते, दुकानात 26 मिळाले नाहीत म्हणून 30 घेतले आणि आवळले. घरी तळावर पट्टी फिरवली तर मागच्या पायाखाली दोन बारीक उंचवटे. स्क्रू इन्सर्टच्या बुडापर्यंत जाऊन तळाला आतून ढकलत होते. स्क्रू काढून कानशीने 4 मिमी घासले, टोकं गोल केली. एक उंचवटा बसला. दुसरा पट्टीला अजून जाणवतो, एजपासून 9 सेमी आत. त्याला आत्ता हात लावत नाही. वॅक्स केला आहे, मंगळवारी सकाळी कडक बर्फावर त्याची रेघ उमटते का ते बघायचं.